पोरांना धंद्याची ओढ कशानं लागते?

'मुलाला धंदा करावासा वाटावा म्हणून काय करायचं?' नाशिकमध्ये हे पालक विचारतात, कॉलेजातले सरही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भाषणं ऐकून आलेला उत्साह चार दिवसांचा. ज्यानं धंद्याचा हिशेब जवळून पाहिलाय, त्याचाच टिकतो.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमधलं साधं जॉबवर्क घ्या, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे सुटे भाग मजुरीवर करून देणं. धरा, मशीनचा तासाचा दर 400 रुपये आणि एका नगाला 6 मिनिटं. कागदावर तासाला 10 नग, म्हणजे नगाला 40 रुपये. नवखा पोरगा हाच दर देऊन मोकळा होतो. पण जॉब, म्हणजे तो नग, मशीनवर बांधायचा, सोडायचा, इन्सर्ट म्हणजे धातू कापणारं पातं बदलायचं, मधेच मायक्रोमीटर लावून माप बघायचं. प्रत्यक्षात हातात पडतात 8 नग, म्हणजे दर हवा 50. रिजेक्शन, म्हणजे मापात न बसलेले नग, आणि मशीन सेटिंगचा वेळ वेगळाच. मशीनपाशी उभं राहून हे पाहिलेला पोरगा धंद्याला घाबरत नाही आणि हुरळूनही जात नाही.

त्यानंतर वसुली. लेखी करार असला तरी नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल 45 दिवसांत चुकतं करावं, असं कायदा सांगतो. बाजारात 60-90 दिवस सर्रास चालतात. महिन्याचा खर्च लाखभर असेल तर तीनेक लाख नुसते फिरते हवेत. घरचे मशीनसाठी कर्ज काढतात आणि खेळतं भांडवल विसरतात. मग हातात ऑर्डर असूनही शटर खाली येतं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातल्या पोरांना हे सांगावं लागत नाही. माल उचलून व्यापारी गायब झाल्याचं त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. शिवाय शेजारी मोहाडीत सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्याच कंपनीचं प्रक्रिया-निर्यातीचं काम दिसतं, त्यामुळे माल विकण्यापलीकडेही काही करता येतं हे त्यांना ठाऊक असतं.

अनुदानानं ओढ लागते का? फार नाही. पीएमईजीपीसारख्या, म्हणजे नव्या उद्योगाच्या कर्जाला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेत अनुदान हातात पडत नाही, 3 वर्षं बँकेत कर्जखात्याच्या नावानं ठेव म्हणून राहतं. रोख मिळेल म्हणून आलेला इथेच गळतो.

तेव्हा सुट्टीत पोराला एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पाठवा, पण मशीनइतकंच बिलं करायला आणि पैशांसाठी फोन करायलाही बसवा. आणि पहिले सहा महिने घरखर्च कोण उचलणार ते आधी बोलून घ्या. नाहीतर तिसऱ्याच महिन्यात आई बँक भरतीची जाहिरात पुढ्यात ठेवते, आणि तोवर पहिलं बिलही सुटलेलं नसतं.