लेनीची मावशी, जॉर्जचा मावसभाऊ: अनुवादाच्या वहीतून

चौथं प्रकरण परवा रात्री संपलं. सहापैकी चार. वेग सांगायला लाज वाटते, पण सांगतो: आठवड्याला चार पानं, तीही रविवार मोकळा मिळाला तर. जॉन स्टाइनबेकच्या ‘ऑफ माइस अँड मेन’चा (१९३७) हा खर्डा निव्वळ हौसेचा आहे, वहीबाहेर जाणार नाही. जॉर्ज आणि मंदबुद्धीचा लेनी, कॅलिफोर्नियातल्या मळ्यांवर कामासाठी हिंडणारे दोन मजूर, त्यांची ही छोटी कादंबरी. मध्ये नऊ पानांवर चहा सांडला. १९३६ साली स्टाइनबेकच्या कुत्र्याच्या पिल्लानं याच पुस्तकाच्या हस्तलिखिताचा चोथा केला होता आणि त्याची दोन महिन्यांची मेहनत वाया गेली होती. ते आठवलं आणि मुकाट्यानं पुन्हा लिहायला बसलो.

(पुस्तक वाचायचं राहिलं असेल तर इथेच थांबा. शेवट फुटणार आहे.)

सोपे शब्द आधी. पाठीवरच्या बोचक्याला ‘वळकटी’ चपखल बसला. सोलेदाद, वीड, ऑबर्न ही गावं तशीच ठेवली. मळ्याच्या मालकाला पहिल्या खर्ड्यात मी ‘मुकादम’ केलं होतं, ते खोडलं. मुकादम म्हटलं की उचल आली, टोळी आली, ऊसतोडीचा कोयता आला, म्हणजे नवरा-बायकोची जोडी आली. इथे माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या एजन्सीकडून चिठ्ठी घेऊन एकेकटी येतात. दोघं मिळून हिंडतात, एवढ्यानंच मालकाला संशय येतो. याची मजुरी तू खातोस की काय, असं तो जॉर्जला तोंडावर विचारतो. ‘मालक’च बरा.

खरा घोळ नात्यांचा. जॉर्ज घाईत थाप मारतो की लेनी माझा ‘कझिन’ आहे, लहानपणी घोड्यानं डोक्यात लाथ मारली. इंग्रजीत भागतं. मराठीत कुठला भाऊ? हात आपोआप ‘चुलतभाऊ’ लिहून गेला. दोन पानं मागे गेलो तर मालकानं नुकतीच वहीत दोघांची नावं उतरवलेली: मिल्टन आणि स्मॉल. आडनावं वेगळी! चुलतभाऊ म्हणाला असता तर तिथेच पकडला गेला असता. म्हणून मावसभाऊ. त्याच ओघात लेनीला तान्हेपणापासून वाढवणारी क्लारा आत्या किंवा काकू न होता मावशी झाली. माय मरो पण मावशी जगो, हे इथे शब्दशः खरं आहे. ती गेली आणि लेनी जॉर्जच्या गळ्यात पडला. गळ्यात पडला की जॉर्जनं ओढून घेतला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कामावर जाण्याआधी जॉर्ज लेनीला देतो त्या सूचना मी आधी समजावणीच्या सुरात लिहिल्या होत्या. ‘हे बघ, तिथे गेल्यावर…’ वगैरे. मोठ्यानं वाचून पाहिलं तर भिकार लागलं. तो समजावत नाही, पाढे घोकून घेतो. मालकापुढे तोंड उघडायचं नाही, हे लेनी स्वतःशी पुटपुटत राहतो. आता वाक्यं आखूड केली, क्रियापदं शेवटी आपटली, प्रत्येक घोकणीत तेच शब्द त्याच क्रमानं. लेनीचं कामाचं कार्डही जॉर्जच्याच खिशात असतं. त्याच्या हाती द्यायची अशी एकच गोष्ट, ती म्हणजे वाक्य. तेही पुन्हा पुन्हा भरवावं लागतं.

मला हलवून गेली ती योजनेतली दुसरी सूचना. काही भानगड झाली तर इथेच, नदीकाठच्या झाडीत येऊन लपायचं. कामावर हजर होण्याच्या आदल्या रात्रीच ही जागा ठरते. वीडमध्ये पाटाच्या पाण्यात लपून जीव वाचवलेला माणूस असंच योजणार. भानगड होईलच, हे त्यानं मनात धरलेलंच आहे.

तिसऱ्या प्रकरणात दोघांच्या स्वप्नाचा, स्वतःच्या शेताचा आणि लेनीनं सांभाळायच्या सशांचा, सूर बदलतो. तोवर ती गोष्ट असते, लेनीला तोंडपाठ. ससे कधी येणार याचीच तो वाट बघतो. मग हात गमावलेला म्हातारा कँडी पैशाचं बोलतो: तीनशे डॉलर आहेत, महिनाअखेर आणखी पन्नास. जागा सहाशेला. जॉर्ज एकदम हिशेबाला लागतो. इथे मी लय मुद्दाम मोडली आहे. कानाला खटकते, पण तशीच ठेवणार.

मग न राहवून उडी मारून सहाव्या प्रकरणाचा कच्चा खर्डा करून पाहिला. लेनी सांगितल्या जागी बरोबर येतो. विसरलो नाही, म्हणतो. जॉर्ज त्याला नदीपलीकडे बघायला लावतो आणि तीच शेताची गोष्ट सांगतो, खिशात मळ्यावरच्या कार्ल्सन नावाच्या मजुराचं पिस्तूल. पहिल्या प्रकरणात मी ‘झुडपात’ लिहिलं होतं, सहाव्यात ‘झाडीत’. लेनीसारख्यानं घोकलेला शब्द बदलता येत नाही, म्हणून मागे जाऊन सगळीकडे ‘झाडीत’ केलं. शेताच्या गोष्टीचेही दोन्हीकडचे शब्द ताडून पाहायचे आहेत.

पाचवं प्रकरण रविवारी दुपारी घडतं. मीही रविवारी दुपारीच घेईन.