जहाजावरचा तिरामिसू, बंदरातली कनोली

पश्चिम भूमध्य समुद्रातल्या क्रूझला निघालेल्यांनी गोडाच्या बाबतीत एवढं लक्षात ठेवावं: चमच्याने खायचं ते जहाजावर खा, हाताने खायचं ते बंदरात उतरून खा. तिरामिसू, पन्ना कोटा, जेलाटो (इटालियन आइस्क्रीम) हे पदार्थ फ्रिजमध्ये टिकतात, काही तर तासागणिक चांगले लागतात. कुरकुरीत पदार्थांचं मात्र समुद्राच्या दमट हवेशी आणि हजारो माणसांच्या स्वयंपाकाशी जमत नाही.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, दहावीच्या परीक्षेतून सुटलेला मुलगा आणि सासूबाई. सासूबाई अंडं खात नाहीत, दारूचा थेंब चालत नाही, आणि जेवणानंतर गोड मिळालं नाही तर जेवण झालंच नाही असं त्यांचं मत. रोमसाठीचं बंदर म्हणजे चिवितावेक्या. तिथून चढलो आणि पुढे नेपल्स, पालेर्मो, बार्सिलोना असा फेरा होता. चिवितावेक्या रोमपासून सत्तरेक किलोमीटर दूर आहे, त्यामुळे विमान आणि जहाज एकाच दिवशी गाठायचा धाडसी बेत करू नका, आदल्या रात्री मुक्काम करा. आणि जहाज मध्येच शेंगेन क्षेत्राबाहेर, ट्युनिसला वगैरे जाणार असेल, तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना एकच चालतो तो) एकापेक्षा जास्त प्रवेशांचाच हवा.

भाड्यात मुख्य डायनिंग रूम आणि बुफे येतात. इटालियन रेस्टॉरंट बहुतेक कंपन्यांकडे वेगळं आणि जादा पैशांचं असतं. रॉयल कॅरिबियनचं जोव्हानीज, प्रिन्सेसचं सबातिनीज, हॉलंड अमेरिकेचं कानालेत्तो ही त्यातली ओळखीची नावं. ओशियानियावर मात्र टोस्काना भाड्यातच धरलेलं आहे. डिस्नीच्या जहाजांवरच्या पालोमध्ये 18 वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. तिथलं चॉकलेट सूफ्ले प्रसिद्ध आहे, पण पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी त्यांची सोय लावायची.

पैसे दोन पद्धतींनी घेतात. काही ठिकाणी माणशी ठरावीक रक्कम असते, मग सूप खा नाहीतर चार पदार्थ खा. काही ठिकाणी प्रत्येक पदार्थाचा वेगळा दर. दुसरी पद्धत असेल तर चक्क विचारा, फक्त गोड आणि कॉफीसाठी बसता येईल का? जेवण मुख्य डायनिंग रूममध्ये उरकून साडेनऊनंतर, टेबलं रिकामी होऊ लागली की जायचं. बरेचदा हो म्हणतात. माणशी रक्कम असेल तर पहिल्या रात्रीचं टेबल घ्या. त्या दिवशी लोक बॅगांच्या आणि सुरक्षा कवायतीच्या गडबडीत असतात, गर्दी कमी असते आणि काही जहाजांवर सवलतही देतात. दिवसभर समुद्रातच असलेल्या दिवशी रात्री जागा मिळणं कठीण.

आमच्याकडे तिरामिसू मोठ्या काचेच्या भांड्यातून टेबलाशी वाढला. हाच पदार्थ बुफेत चौकोनी तुकडे करून ठेवलेला असतो. दोन्ही खाऊन पाहिले. बुफेतला गोड आणि थंड, त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. वाढलेल्यात कॉफी कडू होती, बिस्किटं ओली असूनही लगदा झालेली नव्हती, वरची कोको पावडर नुकतीच भुरभुरलेली. जादा पैसे द्यायचे ते या फरकासाठी. या पदार्थाचं श्रेय सहसा त्रेव्हिजो शहरातल्या ले बेक्केरिये या रेस्टॉरंटला देतात, 1970 नंतरच्या दशकातलं. म्हणजे आपल्याला वाटतो तितका तो पुराणा नाही. मूळ कृतीत मस्कारपोने हे सायीचं मऊ चीज, अंड्याचा बलक, साखर, कॉफी, सावोयार्दी बिस्किटं आणि कोको, दारू नाही. जहाजांवर मात्र मार्साला वाइन किंवा कॉफी लिकर सर्रास घालतात, त्यामुळे विचारल्याशिवाय मुलांपुढे वाटी सरकवू नका.

सासूबाईंसाठी मी पन्ना कोटा मागवणार होते. साय, दूध, साखर. अंडं नाही, दारू नाही. ऑर्डर घेणारा मुलगा वेंगुर्ल्याचा निघाला. (भूमध्य समुद्रात जा नाहीतर अलास्काला, जहाजावर गोवा-कोकणचा माणूस भेटतोच.) आमचं मराठी ऐकून तो थांबला आणि सासूबाईंकडे वाकून म्हणाला, "आजी, ह्यात जिलेटिन आसा, तुमका चलाचा नाय." जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढतात. मेनूवर पन्ना कोटाच्या बाजूला शाकाहाराचं हिरवं पान होतं, तरीही! तेव्हा चिन्हावर विसंबू नका. शाकाहारी आणि जैन मंडळींनी आदल्या दिवशीच हेड वेटरला गाठून अंडं, जिलेटिन, दारू, प्राण्यांची चरबी या चारही गोष्टी नाव घेऊन सांगाव्या. नुसतं "व्हेज" म्हटलं की त्यांच्या लेखी मासे-मटण वगळलं, एवढंच.

आणखी एक खाचखळगा चीजचा. मस्कारपोने आंबट घालून विरजवतात, त्यात दूध फाडायला घालतात ते वासराच्या पोटातलं रेनेट नसतं. रिकोत्ता हे दुसरं मऊ चीज ज्या निवळीपासून होतं ती मात्र बहुधा रेनेट घातलेल्या चीजची असते. हे कुठवर पाळायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मग सासूबाईंसाठी आफोगातो आला. जेलाटोचा गोळा आणि वरून गरम एस्प्रेसो. व्हॅनिलाच्या जेलाटोत अंडं असू शकतं. फिओर दि लात्ते म्हणजे नुसत्या दुधाचा मागायचा. वेंगुर्लेकराने आत जाऊन खात्री करून आणला. "एवढी चांगली कॉफी आइस्क्रीमवर कशाला ओततात," असं म्हणत सासूबाईंनी वाटी संपवली आणि दुसरी मागवली. रात्री झोप हवी असेल तर डीकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी सांगा. त्या रात्री एकपर्यंत आम्ही डेकवर गप्पा मारत होतो, इलाजच नव्हता.

जहाजावरची कनोली, म्हणजे रिकोत्ता भरलेली तळलेली कुरकुरीत नळी, मात्र मऊ पडलेली होती. आधीच भरून ठेवलेली पाणीपुरी कोण खाईल? मुख्य दोष तोच. नळी रिकामी ठेवून खाताना भरली तरच ती कनोली. विचारलंत तर काही रेस्टॉरंटांत ताजी भरून देतात, नाही म्हणाले तर सोडून द्या.

नेपल्सला जहाज अगदी शहराच्या दाराशी लागतं. समोर कास्तेल नुओवो किल्ला, तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत गालेरिया उम्बेर्तो आणि व्हिया तोलेदो. या रस्त्यावरचं पिंताउरो हे दुकान स्फोल्यातेल्ला या सारण भरलेल्या पेस्ट्रीसाठी जुनं आणि नावाजलेलं. स्फोल्यातेल्लाचे दोन प्रकार असतात: रिच्चा, म्हणजे शंभर पदर सुटलेली कुरकुरीत, आणि फ्रोल्ला, म्हणजे मऊ कवचाची. रिच्चाच घ्या, गरम घ्या, आणि काळा शर्ट घालून जाऊ नका. आत रवा, रिकोत्ता, पाकवलेलं संत्रं, दालचिनी. पदर सोडवायला परंपरेने डुकराची चरबी वापरतात, हे शाकाहारींनी ध्यानात ठेवावं. बाबा नावाचा मऊ केक रममध्ये बुडवलेला असतो, नावावरून फसू नका. सासूबाईंनी तिथे लेमन सॉर्बेवर भागवलं आणि दुकानातल्या गर्दीचं निरीक्षण केलं.

पालेर्मोत बंदरापासून वीस-पंचवीस मिनिटं चालत पियाझ्झा बेल्लिनीवरचं सांता कातेरीना चर्च गाठा. मठातल्या नन पूर्वी जी मिठाई करत, ती तिथल्या दुकानात मिळते, आणि कनोली तुमच्या समोर भरतात. मेंढीच्या दुधाचा रिकोत्ता, टोकाला पिस्ता किंवा संत्र्याची साल. एक दोघांना पुरते इतकी मोठी. इथेही नळीच्या पिठात चरबी आणि वाइन असू शकते. कसाटा मागवणार असाल तर लग्नाच्या पंगतीतला तीन रंगांचा आइस्क्रीमचा काप डोक्यातून काढा. सिसिलीचा कसाटा म्हणजे स्पंज केक, रिकोत्ता, बदामाचं मार्झिपान आणि वर साखरेत मुरलेली फळं. भयंकर गोड, अर्धाच घ्या. अंडं न खाणाऱ्यांसाठी लिंबाचा ग्रानिता आहे, गोठवून रवाळ केलेला: पाणी, लिंबू, साखर. उन्हात त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

बांधून आणायच्या भानगडीत पडू नका. उघडं अन्न बहुतेक जहाजांवर परत नेऊ देत नाहीत, आणि नेऊ दिलं तरी संध्याकाळपर्यंत कनोलीचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. सुट्टे युरो जवळ ठेवा. परतीची वेळ जहाज सुटायच्या निदान अर्धा तास आधीची असते आणि ती जहाजाच्या घड्याळाने, तुमच्या फोनच्या नव्हे.

रेस्टॉरंटच्या रकमेवर सेवाशुल्क बरेचदा आपोआप लागतं. रॉयल कॅरिबियनवर ते 18 टक्के आहे. पावतीवर टिपसाठी कोरी ओळ दिसली म्हणून पुन्हा रक्कम भरायची गरज नसते. ज्याने खरंच मदत केली त्याला हातात द्या. उतरायच्या आदल्या दुपारीच खात्यातल्या नोंदी तपासा. शेवटच्या सकाळी काउंटरवर रांग एवढी असते की चुकीची नोंद तशीच सोडून लोक निघून जातात.