तुम्ही विचारलंत म्हणून: ज्ञान झाल्यावर परत यायलाच हवं का?

मी आळंदीला जाते हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो, की एखाद्याला आत्मज्ञान झालं तर परत येऊन लोकांना सांगणं हे त्याचं कर्तव्य आहे का, की गुहेत बसून राहिला तरी चालतं? माझं उत्तर, कर्तव्य वगैरे काही नाही. ज्याचा 'मी'च उरला नाही त्याला ड्यूटी लावणार कोण?

पण मग मुक्ताबाई आठवते. लोकांच्या वागण्याला कंटाळून ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले आणि बाहेर कोण उभं, तर सगळ्यात धाकटी बहीण, आणि ती एवढ्या मोठ्या योग्याला सुनावतेय की जग रागाने आग झालं तर संताने पाणी व्हावं. शेवटी तर लाडातच येते, 'तुम्ही तरोनि विश्व तारा, ताटी उघडा ज्ञानेश्वरा'. मला यात उपदेशापेक्षा हक्काचं मागणं जास्त दिसतं, घरच्या माणसाचं.

आणि गंमत बघा, जे जे परत आले त्यांना कोणीतरी बोलावलंच होतं. 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी नेवाशाला गीता मराठीत सांगितली ती निवृत्तीनाथांच्या आज्ञेवरून. बुद्धांना तर वाटलं होतं की हे कोणाला कळायचं नाही, गप्प बसलेलं बरं, मग ब्रह्मा सहंपती नावाच्या देवाने विनवलं तेव्हा ते उठले असं बौद्ध ग्रंथ सांगतात. तुकोबांच्या स्वप्नात नामदेव थेट पांडुरंगालाच घेऊन आले आणि कवित्वाच्या कामाला लावलं, हे तर त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलंय.

रमण महर्षींचं उदाहरण लोक उलट बाजूने देतात. 1896 मध्ये सोळाव्या वर्षी घर सोडून तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैला आले ते 1950 मध्ये देह ठेवेपर्यंत तिथून हलले नाहीत, म्हणून स्वार्थी म्हणे. अहो पण 1902 च्या सुमारास शिवप्रकाशम पिळ्ळै नावाचे एक सरकारी नोकर डोंगरावर जाऊन 'मी कोण' विचारत बसले तेव्हा मौनात असूनही महर्षींनी उत्तरं लिहून दिलीच की! गावोगाव प्रवचनं केली नाहीत एवढंच, दार कधी लावलं नाही.

म्हणून कोणी न विचारता रोज पहाटे ज्ञान फॉरवर्ड करणाऱ्यांचा मला जरा संशयच येतो (फॅमिली ग्रुपवर आहेत दोन-तीन, नावं नको).

आता तुम्ही म्हणाल, विचारायला कोणीच गेलं नाही तर? तर बसू दे की त्याला निवांत, जायचं आपण होतं.