इंजिन करायचं की गाडी काढायची

आमची गाडी २००८ सालची. टाटा १६१३, सहा टायर, कमिन्स इंजिन. नवीन चेसी फायनान्सवर घेतली आणि हौदा इथंच बांधून घेतला. गाडी हे चालवतात, वही मी लिहिते. डिझेल, टायर, स्प्रिंगचे पाटे, ग्रीस, सगळं पहिल्या दिवसापासून वहीत आहे. वाळवा तालुक्यात ऊस ओढणाऱ्या अशा जुन्या गाड्या गल्लोगल्ली आहेत आणि दसऱ्याच्या आधी त्या घरांमधून हाच विषय निघतो : इंजिनचं काम करायचं की गाडी विकून टाकायची. म्हणून आमच्याकडं काय झालं ते सांगते.

गेल्या हंगामात फेब्रुवारीपासून गाडी ऑइल खायला लागली. रोज सकाळी पट्टी बघायची आणि लिटरभर ओतायचं. चढाला निळा धूर. हंगाम संपल्यावर पेठ नाक्यावर मिस्त्रींकडं नेली, मीही बरोबर गेले. त्यांनी इंजिन चालूच ठेवलं, ऑइलचं टोपण काढलं आणि त्याच तोंडावर उलटं ठेवलं. टोपण थडथड नाचलं आणि उडून खाली पडलं. इंजिनच्या ठोक्याबरोबर आतून धुराचे भपके येत होते.

"वहिनी, पिस्टनच्या रिंगा गेल्या. कॉम्प्रेशन खाली उतरतंय," मिस्त्री म्हणाले.

या इंजिनाला लायनर, म्हणजे पिस्टनभोवतीची बदलता येणारी नळी, नसतो, पिस्टन थेट ब्लॉकमध्येच चालतो. झिजलं की लायनर बदलून मोकळं होता येत नाही. बोअर मारून भोक मोठं करायचं आणि त्या मापाचे पिस्टन टाकायचे. मूळ माप १०२ मिलिमीटर. पहिल्यांदा अर्धा मिलिमीटर वाढवता येतं, दुसऱ्यांदा एक. त्यापुढं ब्लॉकला स्लीव्ह बसवायची वेळ येते. आमचं अर्ध्याचं काम २०१६ सालीच झालंय, वहीत तारखेनिशी आहे. म्हणजे आता मारायची ती शेवटची बोअर. पिस्टन, रिंगा, बेअरिंगा, हेडचं काम, पंप आणि नोझल धरून मिस्त्रींनी १ लाख ४५ हजार सांगितले.

यांचं मन इंजिन करण्याकडं होतं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. या गाडीचा पंप साधा, सेन्सरची भानगड नाही. रात्री फडात बंद पडली तरी पाना घेऊन बॅटरीच्या उजेडात चालू करता येते. नव्या प्रदूषण नियमांच्या मोठ्या बीएस-६ गाडीला डिझेलबरोबर युरियाचं पाणी लागतं आणि बिघाड शोधायला लॅपटॉपवाला बोलवावा लागतो. शिवाय नव्या गाडीचा हप्ता बारा महिने, ऊस पाच महिने. पावसाळ्यात खत आणि विटांची भाडी मिळतात, पण त्यावर एवढा मोठा हप्ता निघत नाही.

त्या रात्री मी गेल्या हंगामाची वही काढली. गाडी चालली नाही त्या दिवसापुढं मी नुसतं 'उभी' लिहिते आणि पुढं कारण. नोव्हेंबर ते मार्च चौदा वेळा 'उभी' निघालं. इंजिनमुळं तीन दिवस. मेन पाटा दोनदा तुटला, त्याचे चार. हबचं बेअरिंग, दोन. आणि चेसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, वेल्डिंगचे पाच.

मी हे पुन्हा पुन्हा मोजलं. ऑइल रोज ओतायला लागत होतं म्हणून आमच्या दोघांच्याही डोक्यात इंजिनच बसलं होतं. दीड लाख घालून आम्ही चौदातले तीन दिवस वाचवणार होतो.

उभ्या दिवसाचं मोल ऊसवाल्याला वेगळं सांगायला नको. बीडकडची बारा कोयत्यांची, म्हणजे बारा जोडप्यांची, ऊसतोड टोळी आमच्या भरवशावर येते, त्यांना आगाऊ दिलेल्या उचलीवर आमची सही असते. गाडी उभी की ती माणसं खोपीत बसून. तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटतं, आणि ते नुकसान शेतकऱ्याच्या पदरात पडतं. फेब्रुवारीत एका म्हाताऱ्या मावशींचा ऊस दोन दिवस तसाच पडला. मला ओरडल्या नाहीत. "पोरी, आज तरी येतीया का गाडी?" एवढंच विचारायच्या. शेवटी जास्त भाडं देऊन दुसऱ्याची गाडी लावली.

सकाळी वही घेऊन परत मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी वही नीट वाचली आणि हातोडी घेऊन गाडीखाली शिरले. मागचा पाटा चेसीला टांगलेला असतो त्या हँगरपाशी चेसीचे रिव्हेट एकेक करून वाजवले. घट्ट रिव्हेट टणकन वाजतो. तिथले चार बदबद वाजले, आणि प्रत्येकाच्या खाली गंजाची लाल रेघ उतरलेली होती. रिव्हेट ढिला होऊन हलायला लागला की ती रेघ येते. फडातल्या सरीतून, चिखलातून भरलेली गाडी बाहेर काढताना चेसी पिळवटते, ते सतरा वर्षांचं पिळवटणं तिथं दिसत होतं. मिस्त्री बाहेर आले आणि यांना म्हणाले, "दादा, इंजिन मी नवं करून देतो. पण ते बसवायचं कशावर?"

हे बराच वेळ टायरला हात लावून उभे होते.

कागदांचा खर्चही माझ्या वहीत होताच. पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दरवर्षी, पर्यावरण कर, आणि पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेसची फी २०२२ च्या एप्रिलपासून वाढलेली. थर्ड पार्टी विमा गाडीच्या वजनावर असतो, वयावर नाही. या वजनाच्या गाडीला २०२२ च्या दरानं ३५,३१३ रुपये, वर जीएसटी. गाडी म्हातारी झाली म्हणून त्यातला रुपयाही कमी होत नाही.

काढायचं ठरलं. भंगारवाल्यानं वजनावर दीड लाखाच्या आतच भाव केला. मिरजेकडच्या एका वीटभट्टीवाल्यानं ३ लाख ६० हजार सांगितले. त्याचं काम सपाट रस्त्यावरचं, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर. पासिंग फेब्रुवारीपर्यंत आहे म्हणून हा भाव आला. पासिंग संपलेल्या गाडीला असा भाव कुणी देत नाही.

एका गोष्टीवर मी अडून बसले. फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून किल्ली द्यायची नाही, आरटीओत नाव बदलल्यावरच द्यायची. आमच्या भावकीत एकानं विश्वासावर गाडी दिली, घेणाऱ्यानं नाव लावलं नाही, पुढं अपघात झाला आणि कोर्टाची नोटीस गाडी देणाऱ्याच्या दारात आली. कागदावर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानंही २०१८ मध्ये सांगितलंय.

टोळीसाठी २०१८ सालची एक गाडी बघून ठेवलीय. घ्यायच्या आधी मिस्त्री तिच्याखाली हातोडी घेऊन जाणार आहेत.

सौद्याचा कागद मीच लिहिला. त्यात लिहिलं : इंजिन रोज लिटरभर ऑइल खातं, रिंगा गेल्यात, बोअर एकदा मारलेली आहे, चेसीला मागं वेल्डिंग आहे, चार रिव्हेट ढिले आहेत. भट्टीवाल्या भाऊंनी कागद दोनदा वाचला आणि पंधरा हजार कमी करा म्हणाले. आम्ही केले.