नऊ बाइट कमी

2013 सालच्या जानेवारीतली गोष्ट. तेव्हा मी सांगलीत वेबसाइट बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात कामाला होते. चार टेबलं, एक इन्व्हर्टर आणि खालच्या झेरॉक्सवाल्याबरोबर वाटून घेतलेलं ब्रॉडबँड, एवढाच आमचा पसारा. जिल्ह्यातल्या एका जुन्या वाचनालयाच्या वेबसाइटचं काम आमच्याकडे होतं. तिथल्या ग्रंथपाल काकांनी दोन वर्षं घरोघरी फिरून गावाचे जुने फोटो जमवले होते. शाळेचे, तालमीचे, लग्नांचे, पुराचे. स्कॅन करून लोकांचे फोटो लोकांना परतही दिले होते. एकूण 412 फोटो. वर्धापनदिनाला संध्याकाळी पाच वाजता पडदा लावून सगळ्या गावासमोर ते दाखवायचे ठरले होते.

आदल्या रात्री नऊला मी फाइली चढवायला बसले. फाईलझिला या फाइली चढवायच्या प्रोग्रॅममध्ये डावीकडे आपला कॉम्प्युटर, उजवीकडे सर्व्हर, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते ते यंत्र. फोटोंचा अख्खा फोल्डर उचलून उजवीकडे सोडला. आमच्या लाइनवर सेकंदाला जेमतेम 40 केबी चढायचे, म्हणजे अडीचशे एमबीला पावणेदोन तास. रांग हळूहळू सरकत होती आणि प्रत्येक फाइलीमागे सर्व्हरचं उत्तर येत होतं, 226, ट्रान्सफर पूर्ण. अयशस्वी फाइली शून्य. साइट उघडून पाहिली तर गॅलरीच्या पानावर छोटे छोटे फोटो ओळीने मांडलेले दिसले. मोठा फोटो एकही उघडून पाहिला नाही. रात्रीचे अकरा वाजत आले होते, मी घरी गेले.

सकाळी साडेनऊला काकांचा फोन. “अगं, शाळेचा फोटो खालून गेलाय.”

87 नंबरचा फोटो उघडला. वर कौलारू शाळा, दारावरची पाटी, टोप्या घातलेले मास्तर, सगळं स्वच्छ. मास्तरांच्या कमरेपाशी चित्र एका बाजूला सरकलं होतं, त्याखाली हिरवे-जांभळे पट्टे आणि शेवटी नुसता राखाडी रंग. पुढे जमिनीवर बसलेली पोरं दिसतच नव्हती. दुसरा उघडला, तोही तसाच, फक्त फाटला होता वेगळ्या जागी. वाचनालयाच्या जुन्या हस्तलिखित अंकांची मुखपृष्ठं पीएनजी नावाच्या वेगळ्या चित्र-स्वरूपात होती, ती तर अजिबात उघडत नव्हती. गॅलरीतले छोटे फोटो मात्र बहुतेक सगळे धडधाकट.

सर म्हणाले, “नावातली अक्षरं बघ.” शंका रास्त होती. विंडोजला नावातलं मोठं-लहान इंग्रजी अक्षर एकच वाटतं, लिनक्स सर्व्हरला नाही. पण नाव चुकलं असतं तर फोटो आलाच नसता, अर्धा कसा येईल? मग लाइन तुटली असेल म्हणून एक फोटो पुन्हा चढवला. तो पुन्हा अगदी त्याच जागी फाटला. तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. लाइनचा दोष दोनदा त्याच जागी येत नाही.

घाबरून मी त्या दिवसातली खरी मोठी चूक केली. सर्व्हरवरचे फोटो आपल्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावेत म्हणून 60 ते 90 नंबरच्या फाइली उजवीकडून डावीकडे ओढल्या. वेगळा फोल्डर करायचं सुचलं नाही. त्याच नावाची फाइल आधीच आहे, असं विचारणारी चौकट आली. मी ‘ओव्हरराइट’वर, वर ‘नेहमी असंच करा’वर टिचकी मारून मोकळी झाले. दीड मिनिटात 31 मूळ स्कॅन आमच्याकडून पुसले गेले. 87 त्यातच होता.

हात थरथरत असताना पहिल्यांदा मी चित्राकडे न बघता आकड्यांकडे बघितलं. 112 नंबरचा फोटो, डावीकडे 6,12,408 बाइट, उजवीकडे 6,12,399. नऊ बाइट कमी. पुढचा सात बाइट कमी, त्याच्या पुढचा अकरा. छोट्या फोटोंचे आकडे मात्र बहुतेक दोन्हीकडे तंतोतंत सारखे. आणि नुकत्याच खाली ओढलेल्या 31 फाइली मूळ आकारापेक्षा दोन-अडीच हजार बाइटनी फुगलेल्या.

वरच्या पट्टीत सर्व्हरशी झालेलं संभाषण उमटत असतं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं, ‘टाइप ए’.

एफटीपी म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर फाइली पाठवायची पद्धत, फाईलझिला तीच वापरत होतं. त्यात फाइल पाठवायचे दोन मुख्य प्रकार आहेत. ए म्हणजे आस्की, साधा मजकूर. आय म्हणजे इमेज. ही इमेज म्हणजे फोटो नव्हे, तर बाइटचं जसंच्या तसं प्रतिबिंब. हल्ली त्याला सगळे बायनरी म्हणतात. एफटीपीचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी एप्रिल 1971 मध्ये लिहिला. आयआयटी कानपूरला शिकून ते एमआयटीत गेले होते. त्या काळी वेगवेगळी यंत्रं मजकूर आपापल्या पद्धतीने साठवायची, म्हणून वाटेत भाषांतर करणारा प्रकार लागत असे. विंडोज ओळ संपली की 13 आणि 10 असे दोन बाइट लिहितं, लिनक्स फक्त 10. आस्कीत पाठवलं की वर चढताना 13 गळतो आणि खाली उतरताना नवा घुसतो. मजकुराला हे सोयीचं. पण फोटोत 13 आणि 10 शेजारी आले तर तो योगायोग असतो, तिथे कुठलीही ओळ संपत नसते. सहा लाख बाइटच्या फोटोत अशी जोडी आठ-दहा वेळा सापडते, दहा हजाराच्या छोट्या फोटोत बहुतेक सापडतच नाही. म्हणून रात्री मला सगळं छान दिसलं होतं.

पीएनजी बनवणाऱ्यांचं मला तेव्हापासून फार कौतुक आहे. त्यांनी प्रत्येक फाइलीच्या पहिल्या आठ बाइटमध्ये 13 आणि 10 मुद्दाम घातलेत, असा घोळ झाला तर फाइल दारातच अडावी म्हणून. म्हणजे आमची मुखपृष्ठं सकाळपासून नेमकं तेच सांगत होती.

हा प्रकार कुणी बदलला होता, तेही कळलं. आदल्या दुपारी आमच्या धाकट्या सहकाऱ्याने दुसऱ्या एका साइटची पर्ल स्क्रिप्ट, म्हणजे पर्ल भाषेतला छोटा प्रोग्रॅम, चढवली होती. विंडोजवर लिहिलेली असल्याने ती 500 एरर देत होती, म्हणजे सर्व्हरवर चालतच नव्हती, आस्कीत पाठवल्यावर चालली. त्याचं काम बरोबरच होतं. सेटिंग तसंच राहिलं आणि मी न बघता बसले.

बिघडलेल्या फोटोवरून मूळ फोटो परत मिळत नाही. कुठल्या 10 च्या आधी 13 होता, हे ओळखायला काही साधन उरत नाही. काकांना फोन लावला आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “स्कॅनवाल्यानं दिलेली डीव्हीडी कपाटात ठेवलीय. साडेअकराच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देतो. स्टँडवर कुणीतरी उभं राहा.”

तोवर उरलेले 381 मी बायनरीत चढवायला लावले. वरच्या पट्टीत ‘टाइप आय’ उमटलेलं तीनदा वाचलं. पाऊण वाजता स्टँडवर डीव्हीडी हातात पडली, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेली. दोन वाजता 412 फोटो वर होते. सहकाऱ्याने डावीकडचे आकडे मोठ्याने वाचले, मी उजवीकडचे. फाईलझिला आकारानुसार दोन्ही बाजू ताडून देतं, ते मला माहीत होतं. तरी त्या दिवशी आम्ही एकेक आकडा तोंडाने म्हटला.

साडेचारला वाचनालयात पोचलो. काकांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर 87 नंबर उघडला. तोच राखाडी रंग. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कंट्रोल धरून एफ 5 दाबलं, कारण ब्राउझर सकाळचीच साठवलेली प्रत दाखवत होता. फोटो वरून खाली भरत आला. शाळा, पाटी, मास्तर, मास्तरांचे पाय.

“थांब,” काका म्हणाले. “खालच्या ओळीत सतरा पोरं आहेत.” चष्मा वर सरकवून, स्क्रीनवर बोट टेकवत ते डावीकडून मोजू लागले. तेराव्या पोराच्या मांडीवर पाटी होती, तिथे बोट जरा थांबलं. “हा मी,” एवढंच म्हणाले आणि पुढे मोजत गेले. चौदा, पंधरा, सोळा, सतरा.