बिल न उघडण्याचा आजार

मागची दोन-तीन वर्षं मी स्वतःला सुधरवतोय. म्हणजे पहाटे साडेपाचला उठणं, रोज 12 सूर्यनमस्कार, साखर बंद, रविवारी सिंहगड, आणि हे सगळं मोजायला हातात एक भारी घड्याळ. ऑफिसातले म्हणायचे काय शिस्त आहे राव तुझ्यात, आणि मी पण मान हलवून ऐकून घ्यायचो. आता गंमत अशी की ते घड्याळ क्रेडिट कार्डावर घेतलेलं, आणि त्या कार्डाचं स्टेटमेंट मी दीड वर्षात एकदाही उघडलं नव्हतं.

खरंच नव्हतं उघडलं. दर महिन्याच्या 18 तारखेला मेसेज यायचा, टोटल ड्यू इतके, मिनिमम ड्यू इतके, की मी टोटलवर नजर जाऊ न देता (याची पण सवय होते बरं का) मिनिमम भरून मोकळा. पीडीएफला पासवर्ड असतो ना, नावाची चार अक्षरं आणि जन्मतारीख, तो टाकायचा कंटाळा येतो असं मी स्वतःलाच सांगायचो. गड चढायला कंटाळा नाही आणि आठ अक्षरं टाईप करायला कंटाळा!

आमच्या बाबांचं बरोबर उलट. एलआयसीच्या फुकटच्या डायरीत रोज रात्री जेवण झालं की हिशोब. दूध 9, कोथिंबीर 1, पंक्चर 2. बेरीज जुळेपर्यंत झोपायचे नाहीत, एकदा तर 50 पैशांसाठी आईला उठवून विचारलेलं की मंडईतून येताना आणखी काय घेतलंस. आम्ही भावंडं जाम हसायचो. मला वाटतं तेव्हाच कुठेतरी डोक्यात बसलं की हिशोब लिहिणं म्हणजे कंजूषपणा आणि आपण काय तसे नाही.

मग एके दिवशी बायकोने नुसतं विचारलं, कार्डाचं एकूण किती आहे रे? मी म्हणलं असतील पंधरा-वीस हजार. ती म्हणाली, असतील म्हणजे? उघड ना आत्ता.

84 हजार.

ती काही बोलली नाही, चहा टाकायला गेली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

त्या रात्री पहिल्यांदा कागद घेऊन बसलो. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाचे 42. 84 हजारांवर महिन्याचं व्याज झालं 2,940, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 529. मी मोठ्या ऐटीत भरत होतो मिनिमम, 5 टक्के, 4,200 रुपये. त्यातले 3,469 व्याजात आणि टॅक्समध्ये गेले, मुद्दल कमी झालं फक्त 731 रुपयांनी. आणि अजून एक, जे मला माहीतच नव्हतं. पूर्ण बिल भरलं नाही की ते 45-50 दिवस बिनव्याजी वगैरे सगळं संपतं, नवीन काही घेतलं की त्या दिवसापासूनच व्याज चालू. म्हणजे सिंहगडाहून उतरल्यावर पेट्रोल भरायचो त्याच्यावर पण.

मी उधळ्या नाहीये हो. शूज, ते घड्याळ, दोन ट्रिपा, आईचा दातांचा खर्च, बस. खर्चाचा प्रॉब्लेम असता तर कदाचित आधीच लक्षात आला असता. माझा प्रॉब्लेम न बघण्याचा होता, आणि नीट आठवलं तर तो फक्त पैशांपुरता पण नाहीये, दहावीचा गणिताचा पेपर असाच 3 दिवस दप्तरात ठेवलेला, रक्ताचा रिपोर्ट पण असाच. जे आपल्याला आधीच बरं जमतं तेच आपण सुधरवत बसतो. पहाटे उठणं मला लहानपणापासून जमायचं, त्यात कसलं आलंय सुधारणं.

पुढचं फार काही ग्रेट नाही. बायकोच्या ऑफिसच्या पतपेढीतून 11 टक्क्यांनी कर्ज काढलं, कार्ड एकदम भरून टाकलं. हप्ता पाच हजारांच्या जरा वर, 18 महिने. म्हणजे मिनिममपेक्षा महिन्याला साधारण 900 रुपये जास्त, आणि हे संपणार तरी! कार्ड बायकोच्या साड्यांखाली आहे. हे तिला सांगताना लाज वाटली का, तर हो, प्रचंड. तिने एकच विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस, त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाहीये.

आता मी पण वहीत लिहितो. 18 तारखेचा मेसेज आला की अजूनही पोटात गोळा येतो, शिल्लक शून्य असली तरी. मागच्या आठवड्यात बाबा आले होते, वही टेबलावर पडलेली, त्यांनी चष्मा लावून शांतपणे दोन पानं वाचली. मला वाटलं आता काहीतरी बोलणार, डोळे भरून वगैरे येणार.

म्हणाले, मंगळवारची बेरीज चुकलीय, 7 रुपये कमी आहेत. पेन दे.