गटार गोपनीय!

आज हाफ डे टाकून एका सरकारी कार्यालयात गेलो. गल्लीतल्या गटाराच्या कामाचं मोजमाप पुस्तक (किती काम झालं याची नोंदवही) बघायचं होतं. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज केलेला, उत्तराच्या मुदतीचे ३० दिवस उलटलेले. साहेब म्हणाले, "ते गोपनीय आहे." (वास मात्र अख्ख्या चाळीला खुला.)

दादरला गाडीत लोंबकळताना राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीचं प्रकरण आठवलं. कागद पेपरात फुटले तेव्हा सरकारने सरकारी गुपितं जपणारा १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट पुढे करून ते कागद कोर्टाने बघू नयेत असा आक्षेप घेतला होता. एप्रिल २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आक्षेप फेटाळला. माहिती अधिकाराचं कलम ८(२) दाखवलं: जनहित मोठं असेल तर गोपनीय माहितीही देता येते. पुढे खरेदीच्या चौकशीसाठीच्या फेरविचार याचिका फेटाळल्या गेल्या, ते वेगळं. पण कागद वाचले तरी गेले! इथे तर साधं गटार.

उद्या पहिलं अपील. २० रुपयांचा स्टॅम्प घेऊन ठेवलाय.